जुना फझर, नवा फझर आणि हिचा लॅपटॉप

२ मार्च, सकाळ
संकल्प: या महिन्यात रिसर्च पेपर पाठवायचाच. माझा फझर एक नंबर आहे, फक्त जगाला पटवायचं बाकी आहे. बायकोला पुन्हा समजावलं की प्रोग्रामवर वेडंवाकडं इनपुट मारत राहायचं आणि तो कुठे कोसळतो ते पाहायचं, त्या हत्याराला फझर म्हणतात. ती म्हणाली, कळलं, संसारच की. हसलो.

५ मार्च
सगळे वापरतात त्या जुन्या फझरशी सामना. माझा लॅबच्या सर्व्हरवर, जुना हिच्या लॅपटॉपवर. माझ्याला सुरुवातीला निवडक फाइली दिल्या, जुन्याला एकच कोरी. माझा दणक्यात जिंकला. एकाच फेरीत!

९ मार्च
गाईड मॅडमनी आकडे पाहिले. म्हणाल्या, हे म्हणजे स्वतःच प्रश्न काढायचे आणि स्वतःच मार्क द्यायचे. दोघांना एकच मशीन, त्याच फाइली, चोवीस तासांची फेरी, अशा प्रत्येकी दहा. एका फेरीवर निकाल काढायचा नाही, त्यात नशीबही जिंकतं.
ठीक. दूध का दूध होऊन जाऊ दे. सर्व्हर दुसऱ्यांनी अडवलाय, म्हणून दोघंही हिच्याच लॅपटॉपवर, आळीपाळीने. हिला नियम नीट समजावले आणि लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये.

१४ मार्च
हिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. लॅपटॉप मागत होती, पण फेरी मध्येच तोडता येते का? फोनवरून दिली. कॉल दोनदा तुटला म्हणे. तरी मला वेळेवर जेवायला वाढलं. समजूतदार आहे.

२० मार्च
ही दोन दिवस बहिणीकडे गेली. बॅग एवढी मोठी कशाला, विचारलं. तिने चेन लावली आणि निघाली. घर शांत आहे, कामाला उत्तम.

२७ मार्च
दोन दिवस अजून संपायचेत वाटतं. फोन केला. मेहुणी म्हणाली, झोपलीय. भर दुपारी. थकली असेल बिचारी. कपाटातला तिचा खण रिकामा आहे. कपडे धुवायला नेले असतील.

३१ मार्च
सगळ्या फेऱ्या संपल्या. जुना जिंकला. माझ्याला सापडलेले सगळे दोष त्याला सापडले, वर आणखी दोन. पुन्हा पुन्हा तपासलं, तेच. मॅडम म्हणाल्या, हा निकाल तरी खरा आहे.
पहिल्यांदा हिलाच सांगावंसं वाटलं. चिठ्ठी काढली, लॅपटॉप पुसला, मेहुणीकडे गेलो. दारातच म्हटलं, मोकळा झाला, घे. ती म्हणाली, आता नको. बहिणीच्या लॅपटॉपवरून दुसरी मुलाखत दिली होती, नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, सोमवारपासून. एकटीच जाणार आहे.
म्हटलं, एक संधी दे.
"दहा दिल्या रे," ती म्हणाली. "एकीवर निकाल काढायचा नाही, तूच सांगितलं होतंस."
आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. घरी आलो. लॅपटॉप चार्जिंगला लावला, कुणासाठी ते कळेना. खूप रडलो.