लघवी न झाल्याची हकीकत

उदगीर, रविवार

शेषेराव मास्तरांस,

भीमाशंकर ड्रायव्हरचा रामराम. धर्माबादची हवा तुला मानवली असंल, वहिनींचे गुडघे बरे असतील, लेकरं अभ्यास करून राहिली असतील (नसली तर दोन ठेवून दे). इकडं सगळं खुशाल हाय असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहिलं. खरं म्हणशील तर डोकं नुसतं फिरून गेलंय.

झालं असं. आमच्या लातूरच्या मालकाला, मल्लिनाथ आप्पांना, एका परदेशी कंपनीच्या मालाचं काम भेटलं. त्यांचा कायदा असा की ड्रायव्हरनं दारू-गांजा घेतला का न्हाई ते तपासायचं, अन् नाव काढणार कम्प्युटर. चाळीस ड्रायव्हरांत त्या मुडद्यानं पहिलं नाव माझं काढलं! (तुला ठाऊक हाय, मी सुपारीसुद्धा खात न्हाई.) नळीत फुंकलं, शून्य आलं. म्हणलं सुटलो. तर लॅबवाल्यानं हातात डबी दिली, म्हणला लघवी पायजे, अन् स्वतः मागं येऊन उभा राहिला. अदलाबदल होऊ नये म्हणून तसा नियमच हाय म्हणे.

मास्तर, बावीस वर्षं गाडी चालवून राहिलो. नांदेड ते हैदराबाद एक बाभूळ सोडली न्हाई मी. पण मागं कुणी टक लावून उभं राहिलं अन् जे आटलं ते आटलंच. मुदत तीन तासांची. पाणी पाजलं, धने उकळून त्याचं पाणी पाजलं, उसाचा रस पाजला, मुनीमानं नळ सोडून ठेवला. शेवटी आप्पा, साठीचा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, दाराबाहेर उभं राहून लहान लेकराला करतात तसं "सूऽऽ सूऽऽ" करू लागले! त्यानं बाकीच्या सगळ्या ड्रायव्हरांना लागली, मला न्हाई. तीन तास संपले अन् त्या बाबानं कागदावर लिहिलं, 'नमुना देण्यास नकार'. नकार म्हणजे नापास. अरे, नकार कुणी दिला? मी तर हात जोडून उभा होतो! अन् फाटकाबाहेर पाय टाकला अन् लागली की. पळत परत गेलो तर म्हणतो, वेळ संपली.

आता येत्या गुरुवारी शेवटची संधी. न्हाई जमलं तर गाडीवरून उतरायचं, कायमचं. अन् त्याहून वाईट सांगू? 'भीमाशंकर नशेच्या तपासणीत नापास' एवढंच गावभर झालं. शिवगंगा, माझी बायको, जेवायला वाढताना खाली बघून म्हणाली, "काय घेत असाल तर खरं सांगा, मी रागवणार न्हाई." वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा असं विचारलं. (डबीची गोष्ट बायकोला कुठल्या तोंडानं सांगू?) तवापासनं ती गप्प, मी गप्प.

असो. मोठ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
भीमाशंकर

ता.क. — पत्राचं खरं कारण. आप्पांनी हातापाया पडून एक सवलत आणली: मागं उभा राहणारा माणूस ड्रायव्हरनं निवडावा, पण तो सरकारी नोकर, निर्व्यसनी अन् नात्याबाहेरचा पायजे. माझ्या ओळखीत असा तू एकटाच. शाळेच्या भिंतीमागं आपण दोघं रोज संगटच जायचो, तेव्हा कधी अडलं न्हाई. गुरुवारची किरकोळ रजा टाक. कारण काय लिहायचं ते तू बघ.

पुन्हा ता.क. — पाकीट चिकटवायच्या आधी शिवगंगानं पत्र वाचलं. आप्पांच्या "सूऽऽ" पाशी पदर तोंडात धरून बसली, मग डोळे पुसून म्हणाली, "एवढंच होतं तर मला का न्हाई सांगितलं? मीच उभी राहते की मागं." आठ दिवसांनी बोलली बघ. पण नियमात बायको बसत न्हाई, तवा तू ये.