दारांची लाइन

चांगझोउ, चीन
३ सप्टेंबर २००६

ति. डॅड यांस,
कार्लचा सा. न. वि. वि.

मी इकडे ठीक आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, कारण खोलीत आणखी तिघं झोपलेले असतात. म्हणून पेन हातात धरलं. तू म्हणशील, शाळेत धरलं असतंस तर आज साहेब झाला असतास. म्हण.

इथे चहा बिनदुधाचा. शेन नावाचा आमचा फोरमन आहे, तो दुपारी कोंबडीचे पाय प्रेमानं माझ्या ताटात वाढतो. पाय म्हणजे नुसते पंजे, नखांसकट. नको म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, मग मी खातो. लॉरेनला सांग, ब्राऊन सॉसची एक बाटली पाठव. त्या सॉसखाली काहीही गिळता येतं.

बंद पडलेल्या आर्डन मोटर्समधून यांनी विकत आणलेली इंजिनाची लाइन इथे उभी होत आली. तू विचारलंस म्हणून सांगतो, गाड्यांच्या दारांची लाइन इकडे आलेली नाही. ठरल्याप्रमाणे ती कॉव्हेंट्रीतच आहे आणि आर्डनच्याच छोट्या शेडमध्ये बसवणार आहेत. तेव्हा काळजी सोड. तुम्हा लोकांना कामावर बोलावणं येईल.

पत्र छोटं आहे, म्हणून माया छोटी करू नकोस.

तुझा,
कार्ल


कॉव्हेंट्री
१६ सप्टेंबर २००६

चि. कार्ल यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

सॉस पाठवला आहे. बाटली फुटली तर पार्सल चाटून घे.

तुझं पत्र डॅडनं कामगार क्लबात मोठ्यानं वाचून दाखवलं. घरी आल्यावर मला म्हणाला, पोराच्या चुका गाळून वाचलं. कोंबडीच्या पंजांवर लोक पोट धरून हसले. पण खरी ऐकायची होती ती दारांची ओळ, आणि ती त्याला दोनदा वाचायला लावली.

आता कामाचं लिहिते. रिंग रोडपलीकडे सुपरमार्केटचं मोठं गोदाम उघडतंय. आर्डन मोटर्समधून घरी बसलेल्या माणसांसाठी त्यांनी काही जागा राखून ठेवल्यात, महिनाअखेरपर्यंत. डॅडला बोलावणं आलं. नाही म्हणाला. तुला तर आर्डनवाल्यांची रीत माहीत आहे. आर्डन संपात बंद पडली, दिवाळखोरीत बंद पडली आणि दर वेळी पुन्हा उघडली. मधल्या काळात ज्यानं बाहेर काम धरलं, त्याला परत लाइनवर उभं राहू दिलं नाही. जागा सोडली ती सोडली. डॅड म्हणतो, इतकी वर्षं घरी बटाटे खाऊन थांबलो, आता आर्डनचं बोलावणं दारात असताना खोके उचलायला जाऊ?

त्याचं बघून लाइनवर त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नॉर्मननंही नकार दिलाय. त्याची बायको अजून काठी घेऊन चालते, घरात एक पैसा येत नाही, तरी हा थांबलाय. म्हणतो, रॉयचा पोरगा तिथं आहे, त्याला ठाऊक नसेल तर कुणाला?

म्हणून विचारते. तुला ठाऊक आहे ना? तुझ्या पत्रातल्या सगळ्या ओळी उजवीकडे खाली घसरतात. दारांची तेवढी सरळ आहे. लहानपणी मिसेस हॉब्सची काच फोडलीस, तेव्हाही तू असाच एकदम सरळ बोलायला लागला होतास.

जेव. आंघोळ कर. उत्तर दे.

तुझी,
लॉरेन


चांगझोउ
२५ सप्टेंबर २००६

ति. डॅड यांस,

गोदामातली नोकरी धर. आधी तिकडे जा, मग उरलेलं पत्र वाच.

दारांची लाइन इथे आहे. मागचं पत्र लिहिलं त्याच्या आधीच पेटारे येऊन पडले होते. उघडले मी आणि साचे जमिनीत बसवले तेही मीच. काँक्रीटमध्ये बोल्ट घातलेत, डॅड. उसनं आणलेलं कुणी काँक्रीटमध्ये गाडत नाही. छोटी शेड वगैरे काही होणार नाही. ते पेपरवाल्यांसाठी होतं.

काल लॉरेनला फोन केला. म्हटलं, कागदावर लिहून, हातवारे करून तूच समजाव त्याला. ती म्हणाली, नट तू आवळलेस, तोंड मी का उघडू? आणि फोन ठेवला. म्हणून हे कुरियरनं पाठवतोय.

पेटाऱ्याचं झाकण काढलं की आधी तुझं अक्षर दिसायचं. पांढऱ्या रंगातलं. ‘डावं मागचं.’ ‘उजवं पुढचं.’ ‘हळू उचला, म्हातारं आहे.’ कॉव्हेंट्रीत ही लाइन सुटी करताना मला काही सुधरत नव्हतं, तेव्हा तू पगार नसताना मदतीला आलास. छोट्या शेडमध्ये पुन्हा जोडताना पोरांचा गोंधळ नको म्हणालास आणि प्रत्येक भागावर नंबर घातलेस. साचे समपातळीत आणायला खाली सरकवायच्या पत्र्याच्या चकत्या तू चिंध्यांत बांधून दिल्यास. त्या चिंध्या तुझ्या निळ्या शर्टाच्या होत्या. शेननं एक गाठोडं हातात घेतलं आणि दुभाष्याकडून विचारलं, इतकं मन लावून कुणी बांधलं? मी म्हटलं, होता एक कामगार.

इथलं बाहेर बोलायचं नाही अशी सही त्यांनी घेतली आहे, बोललो तर पहिल्या विमानानं घरी. पण सहीच्या आड लपत नाही. खरं हे आहे की मला परत यायचं नव्हतं. शाळा सुटल्यापासून मी कुठं टिकलो? छपरं घातली, टायर बदलले, पबमध्ये ग्लास धुतले. तूच म्हणतोस, याच्या बुडाखाली स्प्रिंग आहे. इथे पहिल्यांदा लोक मला विचारतात की कार्ल, हे कसं बसवायचं? आणि मी तू दाखवलंस तसं दार गुडघ्यावर टेकवतो, ठोकळा लावून वाकवतो, ते बरोबर बसतं, आणि सगळे वा म्हणतात. मला ते आवडलं. तुझी जागा उचलून आणली, तिच्यावर उभा राहिलो, आणि आवडलं.

नॉर्मनला सांग. ज्याला सांगायचं त्याला सांग. सही गेली खड्ड्यात.

शेवटी माया असू दे असं लिहायची रीत आहे. या वेळी मागत नाही.

कार्ल


कॉव्हेंट्री
८ ऑक्टोबर २००६

चि. कार्ल यास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. लिहिलं होतंस तसं वरचं वाचून कोट चढवला आणि निघालो. उरलेलं बसथांब्यावर वाचलं. पहिली बस सोडली, दुसरीनं गेलो.

गोदामात एकच जागा उरली होती. तिथल्या पोरीनं मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करत विचारलं, आजोबा, नाव काय लिहू? मी नॉर्मनचं सांगितलं. तो माझ्या शब्दावर थांबला होता आणि माझा शब्द म्हणजे तुझा शब्द. आता तो दिवसभर घेवड्याचे डबे रचतो. परवा म्हणाला, रॉय, डब्याला दार नसतं, केवढा आराम आहे बघ. मी हसलो. हसायलाच लागलं.

तुझं हेही पत्र क्लबात वाचलं. या वेळी चुका न गाळता.  संपल्यावर जाड्या लेननं ऐकवलं, तुझ्या पोरानं आपलीच दारं काढून नेली रे. मी म्हटलं, नंबर मी घातलेत, मला बोल. तर माझ्यापुढे बिअरचा ग्लास ठेवून गेला आणि नंतर संध्याकाळभर माझ्याशी बोलला नाही.

शेनला सांग की त्या कामगाराचं नाव रॉय गार्लिक.

मी शाळेपाशी पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं काम धरलंय. अंगात पिवळा कोट, हातात थांबायची पाटी. ऐकू येत नाही हे त्यांना सांगितलेलं नाही. डोळे चांगले आहेत. मी पाटी उचलली की गाड्या मुकाट थांबतात. जपानी, जर्मन, फ्रेंच. आपली एखादी येते, जुनी, गंजलेली. तिच्या दाराच्या फटीकडे नजर जाते आणि पोरं कोट ओढतात.

नोकरी सोडून येऊ नकोस. बसवतोस तर नीट बसव. डाव्या मागच्या दाराला गुडघा थोडा खाली लाव.

आणि नाताळला घरी येऊ नकोस. मला राग आलाय, तो तोवर जायचा नाही, आणि टर्की कापताना गोड तोंड करून बसणं मला जमणार नाही. लॉरेन रडेल, तिचं मी बघतो. ईस्टरला ये. राग गेला असेल असं वचन देत नाही. तरी ये.

लोभ मागायचा नसतो, तो असतोच.

तुझा बाप,
रॉय