अरिमाचं लाल पाणी

पप्पा, मी जपानात कोबेला जाऊन आले. आईला सांगितलं ते इतकंच, की लेक तिथे शाळेत इंग्लिश शिकवते, एकटी आहे, दहा दिवस तिच्याकडे राहून येते. ते खोटं नव्हतं. पण इथून, कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून, दोन विमानं बदलून मी निघाले ती तुमच्या चौकशीला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली तरी ती संपलेली नव्हती.

तुम्ही जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून दोन महिने वसईला घरी. मी चौदा वर्षांची असताना आईने तुमची बॅग उपसली आणि तळाशी एक पांढरा टॉवेल निघाला, त्यावर तांबूस डाग. तुम्ही म्हणालात, "कोबेच्या मागे डोंगरात अरिमा म्हणून गाव आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं, लाल. त्याचे डाग आहेत." आई म्हणाली, "लाल पाण्याने कोण आंघोळ करतं? कुणाच्या केसांची मेंदी आहे ही?" तिने टॉवेल फेकला नाही. शेगडीशेजारी टांगला आणि त्याने गरम टोप उतरवू लागली, तुम्ही घरी असलात की मुद्दाम तुमच्यासमोर. एकदा तुम्ही बोंबील साफ करत होतात तेव्हा मी विचारलं, "पप्पा, ती कोण आहे?" तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "तुलाही तसंच वाटतं?" मी उठून बाहेर गेले, आणि तुम्ही गेलात तोवर तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

आईच्या बांगड्या वहिनीला गेल्या, संशय माझ्या वाट्याला आला. लेकीच्या घरी पोचल्यापोचल्या मी बाथरूममधले टूथब्रश मोजले. "मॉम, सिरियसली? इट्स जस्ट मी," ती म्हणाली. कोबेत तर संशयाला हवी तेवढी जागा. बंदराच्या वर टेकडीवर परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले, जवळच मशीद, चर्च, चक्क जैन मंदिरसुद्धा. जिथे सगळ्या जगाला घर मिळालं, तिथे माझ्या बापालाही एखादं मिळालं असेल, असं मनात आलंच. मंदिराबाहेर मोत्यांच्या धंद्यात म्हातारा झालेला एक गुजराती गृहस्थ भेटला. मी हिंदीत विचारलं, पूर्वी आपले जहाजवाले इथे कुठे जायचे? "बाज़ार जाते थे, चर्च जाते थे, पहाड़ पे नहाने जाते थे." "अकेले?" मी विचारलं. "बहन, ये मैं कैसे बताऊँ?" म्हणत तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला बसने अरिमाला नेलं. तिथे रस्त्याकडेला पाय बुडवून बसायचं फुकट टाकं आहे. पाणी गढूळ, गंजल्या नळातून यावं तसं. "इट्स द आयर्न, मॉम, एव्हरीबडी नोज," लेक म्हणाली. मी पाय पुसले. टॉवेलवर डाग पडले, तेच, तांबूस, कडेला पिवळट. तरी माझी खोड जाईना. लेकीला म्हटलं, शेजारी पाय बुडवून बसलेल्या आजीबाईंना विचार, पूर्वी इथे बायका-पुरुष एकत्र आंघोळ करायचे का. "आय ॲम नॉट आस्किंग हर दॅट," म्हणून लेकीने तोंड फिरवलं. मग मला रडूच आलं. रागही आला, तो आईचा की माझा स्वतःचा, ते कळलं नाही.

आई आता माझ्याकडेच असते, ऐंशीची झाली. परत आल्यावर तिने विचारलं, "काय काय बघितलंस?" मी म्हटलं, "छान आहे, चढ फार आहेत." ती भाजी निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आणि ते लाल पाणी?"

मी म्हटलं, "नाही दिसलं कुठे."

हे पत्र मी कामावरच्या लॉकरमध्ये ठेवणार आहे, कारण आई अजून सगळं वाचते. या वयात तिच्या जिवाला घोर नको म्हणून खोटं बोलले, असं मी आठवडाभर स्वतःला समजावलं. ते खरं नाही, पप्पा. त्या पाण्यात पाय घालताना तुम्हीच खोटे निघावं, असं मला वाटत होतं; नाहीतर तुमच्याशी न बोललेल्या त्या सगळ्या वर्षांचा दोष माझ्याकडे आला असता.