गमबुटात तेल आहे

मेरेआना ताई,

वासरांना दूध पाजायला जाशील तेव्हा तुझे गमबूट घालू नकोस. उजव्यात गिअरचं तेल आहे. डाव्यातही आहे, पण उजव्यात जास्त.

सकाळी होडी समुद्रात ढकलून झाल्यावर बाबा म्हणाले, "तेवढं ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल बदल रे. चारला भरतीबरोबर परततो, होडी ओढायला ट्रॅक्टर घेऊन किनाऱ्यावर ये." मी खालचा नट खोलला. तेल येतच राहिलं. बादली भरली, टब भरला, मग तुझे बूट दिसले. नट गिअरबॉक्सचा होता, हे इंजिनात नवं तेल ओतून झाल्यावर कळलं. आता ट्रॅक्टरचं पुढचं पोट, म्हणजे इंजिन, जुन्या-नव्या तेलानं गळ्यापर्यंत भरलंय आणि मागचं ठार उपाशी आहे. अजिबात सुरू करू नकोस. काढलेलं तेल परत ओतलं असतं, पण टबात कुत्र्याच्या आंघोळीचा साबण होता.

गिअरचं नवं तेल गिस्बर्नला मिळतं, म्हणजे जाऊन-येऊन चार तास. म्हणून ओवेनकाकांकडे गेलो. हो, तेच. ट्रॅक्टरला भंगार म्हणाले म्हणून बाबा अकरा वर्षं ज्यांच्याशी बोलत नाहीत, ते.

ते म्हणाले, "माझा ट्रॅक्टर आणतो, पण चालवणार मी. आणि तुझ्या बापानं होडीतून मला नावानं हाक मारायची. त्याशिवाय दोर टाकणार नाही."

साडेचारला चहा टाक. आम्ही तिघं आलो तर चार कप. मी एकटाच आलो, तर बाबांचा स्वेटर आणि टॉर्च काढून ठेव.

टिपेने