दोन पानं कमी पडली

तीर्थस्वरूप मामांना, तुम्ही जिचं नाव काढत नाही त्या भाचीचा साष्टांग नमस्कार.

पत्र फाडायच्या आधी एवढं तरी वाचा, की मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवते आणि कोणापुढे हात पसरलेला नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आणि दाढ? मामी फोनवर सांगत होती की गेल्या महिन्यात तुम्ही दाढ काढायला म्हणून गेलात ते थेट दिवेलागणीला परत आलात. एका दाढेला अख्खा दिवस लागला म्हणजे मुळं फार खोल असणार. जपा बरं.

मामा, चौदा महिने झाले, तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. नळखात्यातली पक्की नोकरी तुम्ही शब्द टाकून मला मिळवून दिलीत आणि कॉमिक काढायचं म्हणून मी ती सोडली. तुमच्या शब्दाची माती झाली, याचं मला वाईट वाटतं. (नोकरीचं नाही वाटत. खोटं कशाला बोलू?) आता पुढे जे सांगणार आहे ते वाचून एकतर तुम्ही मला माफ कराल, नाहीतर पुन्हा बोलणं टाकाल. पण पुन्हा टाकायचं तर आधी एकदा बोलावं लागेल, म्हणजे दोन्हीकडून माझाच फायदा आहे.

तर कॉमिक. स्वतः लिहायचं, स्वतः काढायचं, स्वतः छापून घ्यायचं आणि स्वतःच टेबल मांडून विकायचं, असा हा धंदा. (तुम्ही याला रिकामा उद्योग म्हणाला होतात. रिकामं काहीही नाही हो! खोलीत खोकी इतकी झालीत की दारातून थेट पलंगावरच चढावं लागतं.) वर्षभर मान मोडून मी ‘नऊ चंद्रांची राणी’ काढली. बंड, वादळ, अकराव्या पानावर विश्वासघात आणि बाविसाव्यावर राज्याभिषेक. छाती फुगवून छापखान्यात गेले. तिथल्या मालकांना सगळे चारवाले म्हणतात. का, ते मला तिथेच कळलं. त्यांनी पानं मोजली आणि म्हणाले, बावीस होत नाहीत. कागद मधे दुमडून पिना मारायच्या, तर एका कागदाची चार पानं होतात. तेव्हा वीस करा नाहीतर चोवीस. हे शेंबड्या पोरालाही कळतं म्हणे. मला वर्षभरात कळलं नव्हतं. दोन पानं कापावीत तर राणीचा राज्याभिषेक जातो, म्हणजे बिचारीनं एवढे हाल सोसले कशासाठी? आणि यंत्र तर तासाभरात सुरू होणार होतं. मग कागदाच्या गठ्ठ्यावर बसून, चारवाल्यांच्या बॉलपेनानं, मला जे तोंडपाठ होतं ते काढलं. आता घट्ट धरून बसा. मी तुम्हाला काढलं.

मी राजीनामा दिला त्या दिवशी तुम्ही माझ्या खोलीवर आलात, तोच प्रसंग. एक बूट दाराशी काढलेला, दुसरा रागाच्या भरात पायातच. ‘चित्रांनी पोट भरत असतं तर भिंती जेवून उठल्या असत्या’ इथपासून सुरुवात झाली, आणि बोलता बोलता तुमची नजर माझ्या गळक्या नळाकडे गेली. झालं! खिशातून पाना निघाला (खिशात पाना घेऊन रागवायला येणारा माणूस जगात एकच), नळ सुटा झाला आणि माझी अक्कल, माझं भविष्य, माझ्या आईची काळजी हे सगळं तुम्ही त्या नळालाच ऐकवत राहिलात. नळ थांबला, तुम्ही थांबला नाहीत. आठ चौकटी, शब्द न् शब्द तुमचा. शेवटच्या चौकटीत तुम्ही एकाच बुटात तरातरा जिना उतरताय. (दुसरा बूट अजून माझ्याकडे आहे.)

विक्रीचा मेळावा एका हॉलमध्ये, गेल्या महिन्यातल्या एका रविवारी होता. माझ्या नशिबी टेबल आलं ते स्वच्छतागृहाच्या दाराशी. मी अगदी रडकुंडीला आले. पण मामा, रांगेत उभ्या माणसाच्या हाताला काहीतरी चाळा लागतोच, आणि उभ्या उभ्या पुस्तक चाळणारा ते मागूनच उघडतो. मागे कोण? तुम्ही! एक गृहस्थ हसता हसता रांगेतला नंबर घालवून बसले. एक बाई या नळवाल्यांचा फोन नंबर द्या म्हणून हटून बसल्या. एक धिप्पाड माणूस डोळे पुसत म्हणाला की आमचे वडील अस्सेच होते, माया करायची तर त्यांना हातात हत्यार लागायचं. मी ज्याला त्याला विचारत होते, राणी कशी वाटली? तर कोणती राणी, असं मलाच उलट विचारायचे. राणीचं वर्ष पाण्यात गेलं, पण तीनशेच्या तीनशे प्रती संध्याकाळच्या आत संपल्या! दुसरी आवृत्ती निघाली, तीही संपत आलीय. एका पुस्तकवाल्यानं तर आपणहून ती दर्शनी खिडकीत लावली. मी जिंकले, मामा! थोडी माझ्या हिमतीवर आणि बाकी सगळी तुमच्या तोंडाच्या पट्ट्यावर.

तुम्हाला न विचारता काढलं, त्याबद्दल कान पकडते. मामीला नमस्कार, आणि तुमच्या दोन्ही पायांना, बुटासकट आणि बुटाविना.

तुमचीच,
(हल्ली लोक जिला मामावाली म्हणतात ती)

ता. क. नवीन पुस्तक सगळं तुमच्यावरच आहे. लहानपणापासूनची सगळी बोलणी वापरून झाली, तरी पानं सव्वीसच भरली. चारवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. (ही चूक माणूस दुसऱ्यांदा करत नाही. मुद्दाम केली तरच.) दोन पानं कमी पडताहेत, मामा. एकदा येऊन मला पोटभर रागवा. नळही पुन्हा गळतोय.

आणखी एक ता. क. मेळाव्यात मी खोकी आणायला खाली गेले होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या भेटकार्डवाल्या बाई माझं दुकान सांभाळत होत्या. त्या सांगत होत्या की एक मिशीवाले आजोबा आले, मी नाही ना हे दोनदा पाहून घेतलं, शेवटची पानं तीनदा वाचली, पिना वाकड्या मारल्यात म्हणून त्यांनाच झापलं आणि पाच प्रती घेऊन गेले. माझ्या अभिप्रायाच्या वहीत सही न करता लिहिलेलं आहे: ‘वायसर बसवल्याशिवाय नट आवळत नाहीत. चित्रात उलटं दाखवलं आहे. शिवाय पाना डाव्या हातात हवा.’ खाली दोन रेघा. अशा दोन रेघा मारणारा डावखुरा आपल्या घराण्यात एकच आहे, आणि रविवारी दाढ काढणारा दवाखाना या गावात एकही नाही. दुसऱ्या आवृत्तीत वायसर आधी घेतलाय आणि पाना डाव्या हातात दिलाय. या आता. बूट पॉलिश करून ठेवलाय.