लिननच्या नोटा

८ ऑक्टोबर १९२३
हद्द झाली! रोज भाव दुप्पट, नोटा पुरेनात, त्यात कागदही मिळेना म्हणून नगराध्यक्षांनी नोटा लिननवर छापल्या — बंद पडलेल्या मागांवरचंच कापड. नोट हातरुमालाएवढी. वर त्यांची स्वतःची कविता:
अंगावर ज्याच्या आमचं सूत
त्याला शिवेना कसलंही भूत!
भूत कुठून आलं? 'थंडी' म्हणायचं होतं, यमकासाठी भूत उभं केलं! नाहीतर मी शाळेत शिकवायचो त्या तिसरीच्या पुस्तकातल्या बर्फावरच्या कविता... डोळे मिटले की अजून पावलांखाली करकर वाजते.

११ ऑक्टोबर
कोळसेवाला ब्रोकमान म्हणाला, "आणा तुमचे रुमाल, मंगळवारी पोतं देतो." पेन्शनच्या सगळ्या नोटा जपून ठेवल्यात. माझ्या लेकीचे, आडेलहाइडचे दिवस भरत आलेत, जावई खाणीवर अडकलाय, आणि तिच्या खोलीत श्वासाची वाफ दिसते. बाळ यायच्या आत शेगडी पेटलीच पाहिजे.

१५ ऑक्टोबर
सोमवार. धुण्याचा दिवस. माझ्या बहिणीने नोटा उकळल्या!
"कुठल्या कुठल्या खाटकांच्या हातून फिरलेल्या, तुपकट, शी! असलं लिनन मी घरात ठेवते होय, दादा?"
"अगं रिके, ते पैसे होते!"
"मग पैसे स्वच्छ नकोत?"
नीळ लावली. खळ घातली. वाळल्या की इस्त्रीसुद्धा करणार म्हणे! शिक्का गेला, आकडा गेला. दोरीवर आमचा कोळसा पांढराशुभ्र फडफडतोय.

१६ ऑक्टोबर
ब्रोकमानने एक नोट उचलून तीत नाक शिंकरलं. "झकास, आजोबा!" कोळसा नाही.

१९ ऑक्टोबर
रिकेशी बोलणं बंद. तिला पत्ताच नाही.

३० ऑक्टोबर
नगरपालिकेने कापडी नोटा रद्द केल्या. ब्रोकमान पोतंभर नोटा घेऊन चौकात शिव्या देत होता. हसू आलं, पण हसून खोली तापत नाही. आत मायलेकींसारख्या दोघी आत्या-भाची दार लावून बसल्यात. "बाबा, आत येऊ नका!" माझ्याच घरात!

६ नोव्हेंबर
मुलगी झाली. बाहेर बर्फ. सुईण म्हणाली, "एवढ्या थंडीत हिच्या अंगावर घालायला आहे का काही?" रिकेने दुहेरी अंगरखा काढला — नोटांना नोटा जोडून, मध्ये जुन्या शालीची लोकर भरून. बाळ गुरफटलं, रडायचं थांबलं. छातीवर एक ओळ धुऊनही गेली नव्हती: शिवेना कसलंही भूत.
मात्रा लंगडते. तरी ती ओळ मी चारदा मोठ्याने म्हटली.