त्याला खानदानी करा

१४ जून १८१७, जिनिव्हा सरोवर
पोचलो एकदाचे! एडिंबराहून नुकताच पास झालेला मी, एडमंड ट्रेलीस, थेट लॉर्ड थॉर्नेलचा खासगी डॉक्टर! आई म्हणाली होती, नशीब काढलंस पोरा. जेवणात तळ्यातला मासा होता. साहेब त्याला शिवलेसुद्धा नाहीत. रोज सकाळी त्यांची नाडी बघायची, एवढंच काम. आज ती सापडलीच नाही. माझीच बोटं गारठली असणार.

१९ जून
पावसामुळे पाहुणे घरातच अडकले. शेकोटीपाशी भुतांच्या गोष्टी रंगल्या. मी सर्बियातल्या मेलेल्या शेतकऱ्याची सांगितली, थडग्यातून उठून रक्त पिणाऱ्याची. साहेब हसून लोटपोट. म्हणाले, अहो डॉक्टर, चिखलाने माखलेल्या त्या गड्याला दार कोण उघडणार? त्याला खानदानी करा. लोक आपणहून आत घेतील. रात्रीत बदलून लिहिली. झकास जमली, खोटं कशाला बोलू!

२३ जून
मोलकरीण जानेट तापाने फणफणली. नाडी जोरात, म्हणून शिकवल्याप्रमाणे शीर उघडून रक्त काढलं. भांडं साहेबांनी स्वतः धरलं. एवढा मोठा माणूस! स्वयंपाकीण मात्र पुटपुटली, आज बरी भूक लागलीय साहेबांना.

२७ जून
जानेट खचत चाललीय. पुन्हा रक्त काढलं. सगळं शास्त्राप्रमाणेच. भांडं धुवायला मागितलं, तर ते चाटून पुसून लख्ख.

३० जून
जानेट गेली. मी मारली तिला, माझ्या हातांनी. पाहुणे निघून गेले, नोकर पळाले. मीही सरहद्दीच्या नाक्यापर्यंत पळालो. पण माझा वेगळा पासपोर्ट कुठे आहे? साहेबांच्या कागदावर नुसतं ‘सोबत एक डॉक्टर’. शिपाई हसला, मालकाला घेऊन या म्हणाला. मागे साहेबांची गाडी उभीच होती.

२ जुलै
आता माझीच नाडी धावतेय. साहेबांनी मायेने विचारलं, अशा वेळी शास्त्र काय सांगतं, डॉक्टर?
मी सांगून बसलो. सवयीने —

४ जुलै
दाराला कडी नाही. पाय उचलत नाहीत. काल पुन्हा —
भीती वाटते. फार भीती वाटते.

५ जुलै
साहेब म्हणतात, तुम्ही फार दिवस पुरणार नाही. तुमच्या वर्गातला एखादा हुशार मुलगा सुचवा ना. विल्फ्रेडचं नाव तोंडातून गेलं — देवा, का गेलं?
पत्र लिहिणार नाही म्हणालो. ते रागावले नाहीत. नुसते शेजारी येऊन बसले, माझा हात हातात घेऊन. मजकूर आधी इथे उतरवा म्हणाले, मग पत्रावर.
प्रिय विल्फ्रेड, लगेच निघ. जागा उत्तम आहे. साहेब फार मायाळू —
विल्फ्रेड, येऊ न